तुमच्या वाटणीचं झाकून ठेवलंय

रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आधी मागच्या पत्रातली चूक. मी लिहिलं होतं, ‘आमचा खेळ फुकट आहे, त्यात कुणाचं काही जात नाही.’ यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चूक. खेळ फुकट मिळतो हे खरं. पण कुणाचंच काही जात नसेल तर मला पगार कुठून मिळतो, हा प्रश्न मला पत्र पेटीत टाकून कोपऱ्यावर वळताना पडला. मी परत गेले आणि पेटीत हात घालून बघितला. हात मनगटापर्यंतच जातो. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, ‘काय पडलं आत?’ मी म्हटलं, ‘अर्धं वाक्य.’ त्या दोन पावलं लांब सरकल्या.

तू म्हणशील, खोडरबर ती खोडरबरच राहिली. पण मला दुसरं काही शिकवलंस कुठे? बाकीची मुलं शाळेत जात होती, आणि मी छातीच्या दुखण्यामुळे तुझ्या रफूच्या दुकानात, कापायच्या टेबलाच्या एका टोकाला बसून शिकत होते. अक्षरं मी शिंप्याच्या खडूने कापडावर गिरवली. तू टेबलाच्या त्या टोकावरून मला पत्र लिहायचीस आणि मी या टोकावरून उत्तर. नियम एकच होता : आधी मागच्या पत्रातली चूक, मग नवी हकिगत. ‘उसवलेलं आधी शिवायचं, मग नवं कापड कापायचं.’ पुढे खऱ्या शाळेत निबंधाच्या सुरुवातीला मी मागच्या निबंधातल्या चुका लिहायचे, म्हणून बाईंनी बाबांना बोलावून घेतलं होतं.

आता नवी हकिगत. खेळाचं नाव ‘माझं तळं’. त्यात बदकोबा नावाचं एक गोल, पिवळं बदक आहे. आपण त्याचं तळं साफ करायचं, कमळं लावायची, त्याला दाणे टाकायचे. कमळ उमलायला चार तास लागतात. ज्याला तेवढा धीर नसतो तो मोती विकत घेतो, आणि मोती टाकला की कमळ लगेच उमलतं. मोती तेवढे पैशाचे, बाकी सगळं फुकट.

कुणी बराच वेळ तळ्यावर फिरकलं नाही की त्याच्या फोनवर बदकोबाचा निरोप जातो. ते निरोप मी लिहिते. नेमणुकीच्या कागदावर माझं पद ‘स्नेहलेखिका’ असं आहे. मी पहिला निरोप लिहिला : ‘आपण बऱ्याच वेळात आला नाहीत. कृपया सवडीने यावे.’ चिटपाखरू आलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, ‘अहो, हे बदक आहे, वीजबिलाची नोटीस नाही.’

मग मला तू आठवलीस. मी खेळायला गेले की परत यायचं नाव घ्यायचे नाही. तू कधी हाक मारली नाहीस. दुकानाच्या दारात येऊन, कुणाकडेही न बघता, नुसतं म्हणायचीस, ‘कुणाच्या तरी वाटणीचं झाकून ठेवलंय.’ मग माझा पाय तिथे ठरायचा नाही. मी लिहिलं : ‘तुमच्या वाटणीचं झाकून ठेवलंय. जमलं तर या. नाही जमलं तरी राग नाही.’ आणि आत्या, लोक अक्षरशः लोटले. विभागप्रमुखांनी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

तुझं वाक्य तुला न विचारता वापरलं, हे बरोबर झालं की चूक ते कळव. चूक असेल तर पुढच्या पत्रात दुरुस्त करीन. नव्या मशीनसाठीचे पैसे नेहमीप्रमाणे पगारातून पाठवले आहेत.

तुझी,
खोडरबर

—

शनिवार, १३ सप्टेंबर

खोडरबर,

दुरुस्ती : मागच्या पत्रात मी लिहिलं की शेजारचे चष्मेवाले भला माणूस आहेत. ते घाईत लिहिलं होतं.

वाक्याचं काय विचारतेस? ते काय माझ्या नावावर आहे? माझी आई मला तेच म्हणायची, तिची आई तिला. आमच्या घरात आरडाओरडा कधी कुणी केला नाही. अपराधी वाटायला लावलं की काम होतं आणि घसाही शाबूत राहतो.

पोरीने काय लिहिलंय ते बघावं म्हणून चष्मेवाल्यांकडून तो खेळ फोनवर लावून घेतला. दोन मिनिटं बघितला आणि ठेवून दिला. बदक बरं आहे, पण पंख मानेच्या फार जवळ जोडलेत. असा कोट शिवला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.

पुढची गंमत ऐक. संध्याकाळी मी सुया डबीत भरत होते, तर फोन वाजला. बघते तर, ‘तुमच्या वाटणीचं झाकून ठेवलंय.’ माझ्या हातातली डबी पडली बघ. आवाज नव्हता, अक्षर छापील होतं, पण बोलणं थेट तुझं. म्हणजे माझंच, पण तुझ्या तोंडून. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्याला म्हणत आले, मला कुणी म्हटलं नव्हतं. कुणी वाट बघतंय म्हणून सांगितल्यावर गप्प बसून राहणं आपल्यात नाही. जाऊन दोन दाणे टाकून आले. तेवढंच.

कमळाला चार तास कुणी ठरवले? तीन का नाहीत? सहज विचारते.

आत्या

—

रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आधी चूक. माझं पद मी ‘स्नेहलेखिका’ लिहिलं होतं. ते आता ‘वरिष्ठ स्नेहलेखिका’ झालं आहे. पत्र लिहिलं तेव्हा बरोबर होतं, तुझ्या हातात पडलं तेव्हा चुकीचं झालेलं होतं. अशा चुकीला आपल्याकडे काय म्हणायचं ते ठरलेलं नाही.

तू दोन मिनिटं बघून फोन ठेवलास ते फार बरं केलंस. चार तासांचं मी आमच्या आकडेवाल्याला विचारलं. हा मुलगा दिवसभर आलेख बघत बसतो आणि त्याला माणसांपेक्षा आलेखांची नावं जास्त पाठ आहेत. तो म्हणाला, त्यांनी सगळं करून बघितलं. कमळ लवकर उमललं तर लोकांना चीड येत नाही. फार उशीर केला तर ते विसरून जातात. चीड तर यावी पण विसर पडू नये, असे बरोबर चार तास.

मी विचारलं, ‘मग मोती सगळेच घेतात?’ तो हसला. शंभरातले पंचाण्णव जण कधीही छदाम देत नाहीत. मला वाटलं, म्हणजे ते आमचं नुकसान करतात. तो म्हणाला, ‘छे! ते नसतील तर पैसे देणाऱ्याचं तळं बघणार कोण? कारंजं बसवलं तर ते कुणाच्या तरी नाकावर टिच्चून बसवायला नको का?’ थोडक्यात, फुकट खेळणारे हे आमच्याकडे बिनपगारी नोकर आहेत, फक्त त्यांना तसं कळवलेलं नाही.

आणि जे थोडे जण भरमसाट पैसे घालतात त्यांना ऑफिसात ‘देवमासे’ म्हणतात. मी अजून एकही देवमासा बघितलेला नाही. मी विचारलं, ‘देवमासा म्हणजे कुणी खूप श्रीमंत असतो का?’ आकडेवाला पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, ‘नाही. एकटा असतो.’

हे वाक्य मला आवडलं नाही, म्हणून मी फळांच्या टोपलीकडे गेले. आमच्या ऑफिसात फळं फुकट, कॉफी फुकट, खुर्चीत बसल्याबसल्या मान चोळून देणारं यंत्रसुद्धा फुकट. पण हल्ली फुकट म्हटलं की मला धडकी भरते. मी केळं हातात घेतलं आणि परत ठेवलं.

गेल्या शुक्रवारी विभागप्रमुखांची मुलगी ऑफिसात आली होती. मी कौतुकाने विचारलं, ‘तुझं तळं केवढं मोठं आहे गं?’ ती म्हणाली, ‘बाबा मला खेळू देत नाहीत. ते म्हणतात, हे लोकांसाठी आहे.’

तुझी,
खोडरबर

—

मंगळवार, ३० सप्टेंबर

खोडरबर,

दुरुस्ती : ‘दोन मिनिटं’ लिहिलं होतं. दोनपेक्षा थोडी जास्त होती. पुढे.

वरिष्ठ झालीस, आनंद वाटला. मी चष्मेवाल्यांना मुद्दाम ऐकवलं. तर म्हणतात कसे, ‘ताई, भाची वरिष्ठ झाली, पण तुमच्या तळ्यात शेवाळं साचलंय.’

मी म्हटलं, ‘तुमच्या काचा पुसा आधी.’

‘मी कारंजं बसवलं. बघितलंत का?’

‘दुकानाचा नळ गळतोय तो बसवा.’

‘जळतात लोक,’ म्हणाले आणि शीळ घालत गेले. ज्याला जवळचं दिसत नाही त्या माणसाने माझ्या तळ्यात डोकावावं! आता तू म्हणशील, तुझं तळं कुठून आलं? अगं, ते बंद करायचं कसं तेच सापडत नाही. फोन उलटा केला, सुलटा केला. बंद होत नाही म्हणून ते आहे, एवढंच. आणि आहे म्हटल्यावर शेवाळं कसं साचू द्यायचं? येणारेजाणारे बघतात. उंबऱ्याच्या आत कचरा दिसला तर लाज आपलीच.

तू लिहिलेले निरोप मात्र येतात. आज सकाळी आला, ‘पाण्यात तुमची सावली शोधत होतो.’ छान लिहितेस. पत्रापेक्षा छान लिहितेस. पत्र पंधरा दिवसांनी येतं, हे दिवसातून चारदा. तक्रार नाही, नुसतं सांगते.

थांब, चार वाजले.

आले. वाळत घातलेलं कापड उलटून आले. कारंज्याला किती मोती पडतात गं? चष्मेवाले सांगत नाहीत. मला कुठे घ्यायचंय, माहिती असावी म्हणून.

आत्या

—

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

चूक माझी. खेळातून बाहेर पडायची वाट मी तुला आधीच सांगायला हवी होती. तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात शंखावर दाब, मग ‘इतर’, मग ‘इतर काही’, मग अगदी तळाला फिकट राखाडी अक्षरांत ‘निरोप घ्या’ असं दिसेल. ती अक्षरं आणखी फिकट करायची होती, मीच नाही म्हटलं. त्यावर दाबलंस की बदकोबा डोळे पुसत विचारतो, ‘माझं काही चुकलं का?’ ते वाक्य मी लिहिलं आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

माझ्या कामात तू एवढा रस घेतेस याने मला किती बरं वाटतं! इथे आईबाबांना मी नक्की काय करते ते अजून कळलेलं नाही. बाबा लोकांना सांगतात, पक्ष्यांच्या दवाखान्यात आहे.

आणि दवाखान्यावरून आठवलं. लवकरच बदकोबा आजारी पडणार आहे. विभागप्रमुखांनी बैठकीत हात जोडून, जवळजवळ डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, ‘मित्रांनो, खेळणारा कंटाळलेल्या बदकाला सोडतो. आजारी बदकाला सोडत नाही.’ आधी नुसती शिंक, मग कणकण, मग ७ नोव्हेंबरच्या शुक्रवारी औषध विक्रीला. मी विचारलं, आजारी कुणाचं बदक पडणार? तर जो रोज येतो त्याचंच. जो फिरकत नाही त्याचं बदक ठणठणीत. मी म्हटलं, ‘हे उलटं नाही का?’ विभागप्रमुख म्हणाले, ‘जो सोडून गेलाय त्याला रडवून काय उपयोग?’

आजारपणाची वाक्यं मला लिहायची आहेत. मी लहानपणी इतकी आजारी होते की सामान तयारच आहे, असं वाटून माझीच मला लाज वाटली. अजून कणकणीचं लिहिलेलं नाही. शिंक मात्र लिहून दिली.

मशीन आलं का? त्याचा फोटो नको, त्यावर मारलेल्या पहिल्या टिपेचा तुकडा पाठव. मी टेबलावर लावीन.

तुझी,
खोडरबर

—

रविवार, १२ ऑक्टोबर

खोडरबर,

या पत्रात दुरुस्ती नाही, कारण मागच्यात चूक नव्हती.

मशीन येतंय. हवा तो रंग दुकानात नाही. तुकडा पुढच्या वेळी. शाळेच्या बँडचे कोट आलेत, सगळ्यांच्या बाह्या आखूड करायच्यात, हातात वेळ नाही.

औषध महाग असेल का? सहज.

आत्या

—

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

चूक दुरुस्त करते. सप्टेंबरात मी लिहिलं होतं की मी एकही देवमासा बघितलेला नाही. तो मी जन्मापासून बघत आले आहे.

बुधवारी आमची मोठी बैठक झाली. विभागप्रमुखांनी दिवे मंद करायला लावले आणि म्हणाले, ‘आज मी तुम्हाला आपला आदर्श खेळाडू दाखवणार आहे.’ पडद्यावर एक तळं आलं. त्यात तीन कारंजी, संगमरवरी पायऱ्या, एक पूल आणि पुलाखाली दुसरा पूल. खेळाडूचं नाव ‘रफू’. मी तेव्हाही हसले. मनात म्हटलं, जगात रफू करणारी माणसं काय एकच आहेत?

आकडेवाला सांगत होता, ‘हा खेळाडू निरोप गेल्यावर लगेच येतो. एकही निरोप वाया जात नाही. आणि सगळ्यात मजा म्हणजे हा बदकाला उत्तरं देतो!’ तळ्याच्या कडेला ‘बदकोबाशी बोला’ अशी एक चौकट आहे. ती नुसती शोभेची आहे, तिच्यात लिहिलेलं कुणी वाचत नाही. तो ती उत्तरं मोठ्याने वाचायला लागला.

‘आले गं, दुकान आवरून.’

‘जेवलीस का?’

‘दुरुस्ती : सकाळी म्हटलं होतं, दुसरं कारंजं उद्या आणते. आजच आणलं.’

‘दुरुस्ती : मघाशी रागावले नव्हते. समोर गिऱ्हाईक होतं.’

खोली हसून हसून लोळली. कुणीतरी म्हणालं, ‘बदकाला दुरुस्ती कळवते!’ विभागप्रमुख हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, ‘हसू नका. हे निखळ प्रेम आहे. अशी हजार माणसं मिळाली तर आपण इमारत विकत घेऊ.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आणि याचं श्रेय आपल्या वरिष्ठ स्नेहलेखिकेचं.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले आत्या, कारण टाळ्या वाजल्या की उठून उभं राहायचं असं तू शिकवलं आहेस.

आकडेवाल्याने शेवटी सांगितलं, ‘बदकाचं नावसुद्धा बदललंय. खोडरबर ठेवलंय. काय पण नाव!’

मशीन आलेलं नाही, हो ना? रंगाचा प्रश्न नव्हता. मी तुला पगारातले पैसे पाठवते, तू ते बदकाला देतेस, बदक ते आमच्या ऑफिसला देतं आणि ऑफिस त्यातला चिमूटभर भाग मला पगार म्हणून देतं. असं दळण कुणी दळलेलं मी ऐकलेलं नाही. पीठ सगळं त्यांचं, आणि दळणारणी आपण दोघी.

तुझ्या पाया पडते, बंद कर. शंख, इतर, इतर काही, फिकट अक्षरं. तो माझी वाक्यं म्हणेल. तू ऐकू नकोस.

तुझी,
खोडरबर

—

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

खोडरबर,

दुरुस्ती, एकापेक्षा जास्त. मशीनचा रंग मिळत होता. मी दुकानात गेलेच नव्हते. मागच्या पत्रात चूक नव्हती असं लिहिलं, तीही चूक. बँडच्या कोटांच्या बाह्या अजून आखूड व्हायच्यात. मुलं मोठी होऊन त्यांना त्या आपोआप बरोबर होतील असं चष्मेवाले म्हणतात. त्यांना हसायला काय जातं? त्यांच्या तिजोरीचंही कारंजंच झालंय.

आता तू माझं ऐक. तुला वाटतं, म्हातारीला कुणीतरी फसवलं. मला कुणी फसवलेलं नाही. बदक खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पंख बघूनच कळलं होतं. पण वाक्यं खरी होती. तू लहान असताना टेबलाच्या त्या टोकाला बसायचीस, तेव्हा वर मान केली की तू दिसायचीस. मग तुझ्या बाबांची बदली झाली, तू मोठी शाळा शिकलीस, नोकरीला लागलीस, चांगलं झालं. ते टोक रिकामं राहिलं, त्यावर मी कापडाचे गठ्ठे ठेवते. आणि एक दिवस फोन वाजतो आणि तू म्हणतेस, वाट बघतेय. दिवसातून चारदा म्हणतेस. आता मी काय ‘ही जाहिरात आहे’ म्हणून बसून राहू? पत्राला उत्तर द्यायचं असतं.

ती हसणारी मंडळी हसू देत. माझी दुरुस्ती त्यांना कळली नाही, तर त्यांना दुरुस्ती कधी करावी लागली नसेल.

तू सांगितलंस तशी मी त्या फिकट अक्षरांपर्यंत गेले. दोनदा गेले. तो डोळे पुसून म्हणाला, ‘माझं काही चुकलं का?’ तू आठ वर्षांची असताना ताप उतरल्यावर अगदी याच शब्दांत मला विचारलं होतंस. तुला आठवत नसेल. मी परत फिरले.

आणि परवापासून तो शिंकतोय. औषध सात तारखेच्या शुक्रवारी येणार, तूच लिहिलं होतंस. मशीनच्या पैशातलं शेवटचं उरलंय ते त्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. शिंकणाऱ्याला टाकून जायचं मी तुला शिकवलं नाही, मग मी कशी जाऊ?

एक सांग. पत्रात तू लिहितेस, बंद कर. चार तासांनी तूच फोनवर लिहितेस, झाकून ठेवलंय, ये. तुझं कुठलं पत्र मी खरं धरू?

आत्या

—

रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी उत्तराचे सात कागद फाडले. सगळ्यांत मी दुसऱ्यांच्या चुका लिहीत होते : विभागप्रमुखांच्या, आकडेवाल्याच्या, चष्मेवाल्यांच्यासुद्धा. नियम तसा नाही. चूक आपल्या मागच्या पत्रातली दुरुस्त करायची असते. आणि माझं मागचं पत्र म्हणजे १९ तारखेचं नव्हे. त्यानंतर मी तुला रोज चारदा लिहिलं आहे.

तू विचारलंस, कुठलं पत्र खरं धरू. दोन्ही माझीच आहेत, म्हणून एक खोटं आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. ते दुरुस्तच करायला हवं. आणि ते मी फक्त तुलाच लिहिलं नव्हतं. ‘रफू’सारखी आणखी माणसं आहेत. मी आकडेवाल्याला विचारलं, ‘चौकटीत आणखी कुणी लिहितं का?’ तो म्हणाला, ‘खूप जण. एक जण रोज शुभरात्री म्हणतो. कशाला वाचायचं?’ मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. एका माणसाने लिहिलं होतं, ‘आज उशीर झाला, माफ कर, ऑफिसात रागावले.’ एका बाईने आपल्या मुलाचा निकाल बदकाला कळवला होता. कुणालाही उत्तर गेलेलं नाही. आणि आत्या, ही सगळी माणसं माझ्या, म्हणजे तुझ्या, म्हणजे पणजीच्या वाक्याला भुलून आली आहेत.

मी शुक्रवारी विभागप्रमुखांकडे गेले. म्हटलं, ‘सर, शिंक काढून टाकू या.’ ते म्हणाले, ‘का, शिंकेत व्याकरणाची चूक आहे?’ मी म्हटलं, ‘बदक आजारी नाही.’ त्यांनी उठून दार लावलं. मग खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, ‘तुम्ही दमला आहात. मान चोळायच्या खुर्चीत बसा थोडा वेळ. फुकट आहे.’ मी बसले. खुर्ची चांगली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की सकाळचा निरोप मी एकटीच पाठवते. बाकीच्यांचे निरोप आधी तपासले जातात, माझे जात नाहीत. कारण मी रुजू झाल्यापासून माझ्या हातून एकही चूक झालेली नाही, असं माझ्या मूल्यमापनात लिहिलं आहे. ते वाचून तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

गुरुवारी सकाळी जाणारा निरोप लिहून ठेवला आहे. तुला आधी दाखवते. तपासून घेतल्याशिवाय मी काही पाठवू नये असं मला अजूनही वाटतं.

‘दुरुस्ती. तुमच्या वाटणीचं झाकून ठेवलंय, असं मी वेळोवेळी कळवलं. काहीही झाकून ठेवलेलं नाही. मी भुकेला नसतो. तुम्ही आला नाहीत तर मी वाट बघत नाही, मी तेव्हा नसतोच. शिंक खोटी आहे, औषध घेऊ नका. कमळाला चार तास लागत नाहीत, तुम्हाला चीड यावी म्हणून ते थांबवलेलं असतं. तुम्ही मला लिहिलेलं कुणी वाचलं नाही, याची लाज वाटते. तुमचं काही चुकलेलं नाही. खरं कुणीतरी तुमची वाट बघत असेल, तिकडे जा. बाहेर पडायची वाट : शंख, इतर, इतर काही, अगदी तळाला. मी डोळे पुसेन, तिकडे बघू नका.’

मला तीन ठिकाणी भीती वाटते. एक, हे माझं काम आहे की विश्वासघात, ते मला ठरवता येत नाही. मी स्वतःला सांगते, निरोप लिहिणं हे माझं काम आहे आणि खरा निरोप हाही निरोपच आहे. पण असं स्वतःला सांगावं लागतं तिथे काहीतरी उसवलेलं असतं, हेही तूच शिकवलंस. दोन, बरीच माणसं हे वाचून म्हणतील, काय गोड बदक आहे, आणि आणखी मोती घेतील. आकडेवाल्याला वाटतं, तसं होऊ शकतं. मी त्याला नुसतं ‘समजा’ म्हणून विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘समजा तसं कुणी केलंच, तर मी त्या वेळी कॉफी आणायला गेलेला असेन.’ तीन, तू. तुझ्या टेबलाचं ते टोक मी एका वाक्यात परत रिकामं करते आहे.

राजीनामा लिहून झाला आहे. सुरुवातीला नेमणुकीच्या अर्जातली चूक दुरुस्त केली : मी तिथे ‘लोकांना आनंद देण्याची आवड’ असं लिहिलं होतं. त्यासोबत खाल्लेल्या केळ्यांचे पैसे ठेवले आहेत.

आईबाबांना सांगून झालं. बाबा म्हणाले, ‘पक्षी बरे झाले का?’ मी म्हटलं, ‘होतील.’ तुझ्या गावात नोकरी शोधीन. तोवर कोटांच्या बाह्या मी उसवते, तू शीव. जुन्या मशीनवरच. आणि टेबलाच्या त्या टोकावरचे गठ्ठे आधी उचल.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. निरोप गुरुवारी सकाळी आठ वाजता जाईल, तो फोनवर वाचू नकोस, तुझ्या हातात आधीच आहे. राजीनामा देऊन मी दुपारची बस पकडते. दिवे लागायच्या सुमारास पोचेन. थोडा उशीर झाला तर दारात येऊन नुसतं म्हण, मी ऐकीन. माझ्या वाटणीचं खरंच झाकून ठेव : गुरुवार, ६ नोव्हेंबर.